भिंतीकडे तोंड करून

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी झूरावहिनीने ऐतुर्गानच्या हातात एक छापील कागद ठेवला. त्यावर शोकगीत होतं आणि नावापुरती जागा कोरी सोडलेली होती. तिथे आईचं नाव, सैरा, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आजकाल आपल्या नारीनकडच्या गावांतून सगळे असंच करतात, असं वहिनीचं म्हणणं. वर तिने हळूच विचारलं, "तू लेखिका ना? मग तुला कागद कशाला लागावा?"

लागत होता, हीच तर आग होती. आईची मयत अंगणातल्या नमद्याच्या, जाड लोकरी कापडाच्या तंबूत ठेवलेली. रीतीप्रमाणे लेकीने दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून आईला गाऊन निरोप द्यायचा. आणि लेकीला एक ओळ सुचत नव्हती. कालपासून ती नुसती हुंदके देत बसली होती.

ऐतुर्गानचं एक पुस्तक निघालं होतं, आईवरच्या गोष्टींचं. ते गावात पोचलं त्याच दिवशी ती राहायची तिथे, बिश्केकला, असनाकूनकाकांचा फोन आला. घरची धुणी चव्हाट्यावर धुतलीस, म्हणाले. आपल्या घरातल्या बायकांचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही, म्हणाले. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती रोज लिहायला बसे आणि लिहिलेलं रोज खोडून टाकी. वाक्य पुरं व्हायच्या आत काकांचा आवाज यायचा. तिला स्वतःचीच चीड यायची. चाळिशीची बाई, आणि अजून एका म्हाताऱ्याला भिते.

हेच वाक्य काकांनी आईलाही ऐकवलं होतं, नवी नवरी असताना. सैराचा गळा असा, की लग्नघरी तिला मुद्दाम बोलावणं येई. दिराने सांगितलं आणि गाणं बंद झालं. पुढे ती गायली ती फक्त गाय पिळताना, तेही ओठांतल्या ओठांत. बाप मुखदुर्बळ, तो गप्प बसला.

बाहेर मोटारी थांबल्या. पाहुणे आले की तंबूबाहेरच्या पुरुषांनी काठीवर वाकून मोठ्याने रडायचं आणि आतल्या बायकांनी गायचं. काकांनी सगळ्यांच्या वर सूर लावला. "वहिनी गं, माझी कोकिळा गं! तुझा गोड गळा आता कुठे ऐकू गं!"

मेल्या म्हशीला मणभर दूध! ऐतुर्गानच्या डोक्यात तिडीक गेली. तिने हातातल्या कागदाचा बोळा केला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून भिंतीकडे बघत सूर लावला. पहिला शब्द चिरकला. दुसरा नाही.

"आई, तुझं गाणं ज्यानं कोंडून घातलं घरात,
आज तोच दारी उभा, रडतो मोठ्या सुरात.
जिवंतपणी ऐकलं नाही, मेल्यावर वाखाणतो;
तुझ्या लेकीच्या तोंडाला अजून कुलूप घालतो."

बाहेरचं रडणं थबकलं. नमद्याला कान असतात, ते सगळ्या अंगणाने ऐकलं. काका तंबूच्या दारावरच्या पडद्याशी आले. आवाज दबका, पण तोच फोनवरचा.

"ऐतुर्गान, पुरे. लोक ऐकतायत."

तिने पुढची ओळ धरली होती. ओळ तुटली. रोज तुटायची तशीच, अर्ध्यावर.

उमसूनआजी शेजारी बसल्या होत्या. सगळ्या गावाच्या मयतींना रडून त्यांचे डोळे गेले होते. त्या पडद्याकडे न वळताच म्हणाल्या, "रडणाऱ्या बाईला अडवत नसतात, असनाकून. तू तुझं रड."

काका पडद्यापासून मागे सरले. ऐतुर्गानने तुटलेली ओळ उचलली आणि पुरी केली. मग गाय पिळतानाचं गाणं आलं, बापाचं गप्प बसणं आलं, तिची स्वतःची दोन वर्षंही आली. राग इतका होता की शब्द शोधावे लागले नाहीत. बायका रडत होत्या, आणि आज त्या सैरासाठी रडत होत्या.

गाणं थांबल्यावर झूरावहिनीने नाक पुसलं आणि पेन मागितलं. "पुन्हा सांग गं सावकाश, मी लिहून घेते."

"नको," ऐतुर्गान म्हणाली. "मी लिहीन."

तेवढ्यात मोटारींची दारं पुन्हा वाजली. पाहुण्यांचा मोठा ताफा होता. रीतच ती, काकांना काठीवर वाकून हंबरडा फोडावाच लागला. या वेळी त्यात कोकिळा नव्हती.

ऐतुर्गानने कमरेवर हात ठेवले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एकही शब्द तिने खोडला नाही.