समुद्राकाठचा महिनाभराचा तळ

दुपारचं ऊन पालीच्या माळावर पसरलं की शिवकन्येला समुद्र दिसायला लागायचा. खरा समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. बिंदुसरेच्या धरणाचं पाणी घ्यायचं, पलीकडचा काठ डोळ्यांनीच पुसून टाकायचा, आणि उरेल तो समुद्र. लिंबाला बांधलेल्या झोळीत तिची तान्ही लेक बानू झोपलेली असायची. तिला झोका देता देता शिवकन्येपुढं एक होडी हलायला लागायची. होडीत दिवस भरलेली बाई, आणि धक्क्यावर तिची वाट पाहत उभी असलेली शिवकन्या.

ती होडी तिनं फोटोत पाहिली होती. शिवकन्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. कोकणात खाडीकाठी छोटा दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई कॉलेजात बोलायला आल्या होत्या, त्यांनी तो फोटो दाखवला. तिथं बाळंतिणी होडीतून येतात. यंदा परीक्षेनंतर इलेक्टिव्हचा महिना होता. म्हणजे आपल्याला हवं तिथं जाऊन हवं ते शिकायचं, खर्च ज्याचा त्यानं करायचा. शिवकन्येनं बाईंना विचारलं, त्यांनी होकार दिला, कॉलेजनं परवानगी दिली. आणि मग दवाखान्याकडून निरोप आला: आमच्या खोल्यांमध्ये तान्ह्या मुलाला ठेवता येत नाही. राहायची सोय शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

तिनं फोनवर फोन लावले. सुट्ट्यांचे दिवस, पर्यटकांची गर्दी. भाडं ऐकलं की ती "कळवते" म्हणून ठेवून द्यायची. नवरा परमेश्वर चौसाळ्यात टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, "करू की कायतरी," म्हणजे त्यालाही काही सुचत नव्हतं. आणि बानूला सोडून जायचं कसं? अजून अंगावर पिणारी पोर. झोपेत तिचा श्वास जरा हलका झाला तरी शिवकन्या नाकाशी बोट धरून बघायची.

माहेरी आल्या आल्या तिनं हे सगळं बापाला, आबाला, सांगितलं होतं. म्हाळूआबा मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "तिथलं पाणी कसं हाय?"

"आबा, दवाखाना आहे तो. मला चरायला नाही जायचं."

"आसंल. पर पाणी कसं हाय?"

दुसऱ्या दिवसापासून आबाच गायब. मेंढरं तिची माय कडूबाई वळत होती. कुठं गेलाय म्हणून विचारलं की कडूबाई म्हणायची, "गेला आसंल पाव्हण्याकडं. म्हातारपणी पाय फुटलेत त्याला."

शुक्रवारी संध्याकाळी शिवकन्येनं मोबाइलवर नकार लिहायला घेतला. परमेश्वर लेकीला भेटायला आला होता, तो बानूला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. "काही अपरिहार्य कारणामुळे" इथवर लिहून ती थांबली. होडी हलेना. गाळात रुतल्यासारखी नुसती उभी.

तेवढ्यात कुत्रं उठलं. भुंकलं नाही, शेपूट हलवत पळालं. म्हणजे घरचं माणूस. आबाच. खांद्यावर घोंगडी, हातात पाण्याची बाटली.

"कुठं गेलता वो, सांगून न सवरून?" माय कडाडली.

"पुढं जाऊन बघून आलो."

शिवकन्येला आधी कळलंच नाही. मग कळलं. कळप हलवायच्या आधी एक माणूस पुढं जातो. पाणी बघतो, चारा बघतो, ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्याशी बोलून येतो, मग बाकीचे निघतात. लेक महिनाभर परमुलखात चाललीय म्हटल्यावर आबा एसट्या बदलत थेट खाडीकाठी जाऊन आला होता.

"दवाखान्यामागं आंब्याची बाग हाय," तो टेकत म्हणाला. "मालकीण एकटीच ऱ्हाती. दरसाल आपल्याकडचं लेंडीखत इकत घेती. दलाल निम्मी माती घालतो म्हणून बोंबलत व्हती. मी म्हनलं, बाई, माझ्या मेंढरांच्या वाडग्यातलं टेम्पोभर देतो, चाळून. माझी लेक महिनाभर तुमच्या खोलीत ऱ्हाईल."

"आन ती हो म्हनली?" मायनं विचारलं.

"आधी माझ्या घोंगडीचा वास घेतला. मंग म्हनली."

परमेश्वर मोठ्यानं हसला. "म्हंजे आमच्या डॉक्टरीणबाई लेंडीखताच्या गाडीत बसून जानार! मामा, खत मी पोचवतो. येताना नारळ भरून आनतो, डिझेल निघंल."

शिवकन्येलाही हसू आलं, पण ते ओठांवरच थांबलं. "आणि बानू? मी दिवसभर दवाखान्यात. नवी जागा, दमट हवा, डास..."

"डास लई हायत," आबा म्हणाला. "रातभर खोलीत निजून बघितलं. मच्छरदानी घ्या. वारा मात्र चांगला हाय."

"पोरीला मी बघीन," माय म्हणाली. "तुला तळावर झोळीतच वाढवली न्हवं? दर मुक्कामाला नवं झाड, नवं पाणी. कुठं काय झालं तुला?"

"आन मला भाकरी कोन घालनार?"

"तुमची ती आंबेवाली बोलवा की!"

हसण्याचा भर ओसरल्यावर शिवकन्येनं हळूच विचारलं, "आबा, समुद्र बघितलास?"

आबानं खांद्यावरची घोंगडी उतरवली. "मेंढरांवानीच हाय बघ. लई मोठा कळप. पांढऱ्या पाठी उठत्यात, काठाला येत्यात, माघारी जात्यात. वळायला मातर कुनीच न्हाई. म्या आपली उगाच एक हाळी दिली."

"मग?"

"गेला की माघारी."

मग त्यानं बाटली पुढं केली. "ह्ये तिथल्या हिरीचं पाणी. बानूला सोसतंय का बघ."

शिवकन्येनं ते चांगलं उकळलं, गार होऊ दिलं, मग चमचाभर बानूच्या ओठांना लावलं. सगळे टक लावून बसले. बानूनं नाक मुरडलं, ओठ चाटले आणि दुसऱ्या चमच्यासाठी आ वासला.

तरी शिवकन्या रात्रभर बानूच्या पोटावर हात ठेवून पडली होती.

सकाळी बानू खुदकन हसत उठली. वाडग्यात आबा आणि परमेश्वर लेंड्या चाळत होते, धुरळा माळभर उडत होता. शिवकन्येनं "अपरिहार्य" खोडलं आणि लिहिलं: "राहण्याची सोय झाली आहे. सोबत आई आणि मुलगी येत आहेत." पाठवून तिनं मान वर केली. धरणावर धुकं पसरलं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि आज तो तिनं पुसलेला नव्हता.