लॅरिसाच्या आवाजाखालचे कवी

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही. फिरले तरच मी बोलते. आणि आता दुबईच्या करामा भागातल्या एका फ्लॅटमध्ये, बुटांच्या खोक्यात पडून आहे. जीव नुसता तळमळतो.

१९९३ साली बर्नार्डने मला कोरी विकत घेतली. बर्नार्ड वसईचा, इथल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. बायको डेझी आणि सहा वर्षांची लॅरिसा गावी. हॉटेलात उतरलेल्या एका अमेरिकन शिक्षकाकडे कवितावाचनाची कॅसेट होती. बर्नार्डने ती मागून आणली आणि माझ्या एका बाजूवर उतरवून घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत काही तरुण कवी मित्र जमले होते, त्यांचे ते आवाज. शहाण्यासारखा एक बसेल तर शपथ. नोकरी, टाय, सगळे सोडून रस्त्याला लागलेली मंडळी. श्वास संपेल तेव्हाच त्यांची ओळ संपायची. मग लोक टाळ्या पिटायचे. रूममेट प्रल्हाद सांगलीचा, कवितेतला दर्दी. तो म्हणाला, "साठच्या दशकात मुंबईतली आपली पोरं यांनाही वाचून पेटली. स्वतःची मासिकं काढली, सायक्लोस्टाईल करून वाटली."

शुक्रवारी सुट्टी असे. बर्नार्ड मला लावायचा आणि एवढ्याशा खोलीत येरझारा घालायचा. पायाला भिंगरी, पण जाणार कुठे? वसईच्या घराचे बांधकाम चालू होते, म्हणून दोन वर्षे त्याने रजाच घेतली नव्हती. विचारले की म्हणे, पुढच्या वर्षी नक्की. मला त्याचा राग यायचा.

त्या काळी फोन परवडत नसे. म्हणून गल्फमधली माणसे कॅसेटवर बोलून ती गावी जाणाऱ्याच्या हाती देत. घरचे ऐकत, त्याच कॅसेटवर उत्तर बोलत आणि ती परत येई. एकदा एक वसईकर अचानक निघाला आणि घरात दुसरी कॅसेट नव्हती. बर्नार्डने माझ्या रिकाम्या बाजूवर घाईघाईने खुशाली बोलून मला धाडले. कवींच्या बाजूला हात लावू नकोस, एवढे सांगायला मात्र तो विसरला.

वसईत माझ्या दोन्ही बाजू वाजल्या. डेझीला ती इंग्रजी आरडाओरड मुळीच रुचली नाही. लॅरिसाला मात्र भलतीच आवडली. ती रोज लावायची आणि टेपसमोर उभी राहून हातवारे करायची. मग उत्तर बोलायची वेळ आली. नवऱ्याचा आवाज पुसायला डेझीचे मन धजेना. तिने मला उलटवले आणि कवींवरच बोलायला सुरुवात केली. मी गरगर फिरत होते आणि एकेक कवी माझ्यातून पुसला जात होता. ओरडावेसे वाटले, पण माझ्या तोंडी तेव्हा डेझीचेच शब्द होते.

महिन्याने मी परतले. बर्नार्डने कवींची बाजू लावली तर गवंड्याच्या तक्रारी आणि सासूबाईंचा गुडघा. त्याचा चेहरा उतरला. तो शिक्षक केव्हाच आपली कॅसेट घेऊन गेला होता.

"गेले तुझे अमेरिकन. खलास," प्रल्हाद म्हणाला.

तेवढ्यात लॅरिसाचा आवाज आला, एका दमात.

"डॅडी, तिकडे वाळू आहे का, वाळूत रस्ता आहे का, रस्त्यावर एसटी येते का, एसटी नसेल तर उंटावर ये, उंट नसेल तर पळत ये, दमलास तरी थांबू नको, मी पण थांबत नाही, मी दाराकडे जाते, विहिरीकडे जाते, परत दाराकडे जाते..."

श्वास संपला तिथे तिची ओळ संपली. मग तिने स्वतःच टाळ्या पिटल्या.

"रिवाइंड कर," बर्नार्ड म्हणाला. पुन्हा ऐकताना तो रडला.

"उत्तर कशावर बोलणार?" प्रल्हादने विचारले. "नवी कॅसेट आणू?"

"नको. उत्तर तोंडाने देतो. मॅनेजरला सांगतो, लीव्ह पाहिजे. नाही म्हणाला तर रिझाइन. यल्ला, चल!"

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकच्या दोन चिपा असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. बर्नार्डने माझ्या दोन्ही मोडल्या आणि त्याच महिन्यात वसई गाठली. पुढे सगळे करामात एकत्र राहायला आले.

आता २००२ साल आहे. परवा आवराआवर करताना लॅरिसाने मला खोक्यातून काढले. "डॅडी, व्हॉट इज धिस? कॅन वी थ्रो इट?"

"नाही हं. लहानपणी तू बोललीयेस त्यात."

"रिअली? देन प्ले इट."

"टेप बिघडलाय गं. रिपेअर करून आणतो, इन्शाल्ला."

मी पुन्हा खोक्यात गेले. मित्रांनो, आवाज जपणे म्हणजे तो खोक्यात ठेवणे नव्हे. इथल्या दमट हवेने माझी फीत चिकटू लागली आहे. अजून एकदा वाजेन, फार तर दोनदा. तुमच्या घरी चालू टेप असेल तर घेऊन या. ती पोरगी बाल्कनीत येरझारा घालत, श्वास संपेपर्यंत आपल्या कविता म्हणते आहे, आणि तिला वाटते की हे वेड तिच्यापासूनच सुरू झाले.