चार नंबरच्या वॉर्डातलं सात नंबरचं पाऊल

भाऊ, आधी एक सांगा. समोर एक बाई उभी आहे. कागद म्हणतो, हिचा पाय चार नंबरचा. पाय म्हणतो, मी सातचा. तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल? घाई करू नका. चांगल्या शिकलेल्या माणसांनी या प्रश्नावर नऊ वर्षं काढली आहेत.

मी फर्मा बोलतोय. फर्मा म्हणजे लाकडी पाऊल. कारागीर माझ्यावर कातडं ताणतो, खिळे ठोकतो, तळ चिकटवतो आणि बूट तयार झाला की मला आतून ओढून काढतो. बूट गाव फिरायला जातो, मी परत फळीवर.

धरणगावच्या झुलाल सुतारानं शिसवीच्या एका ओंडक्यातून आम्हा दोघा भावांना तासलं. डाव्याला पुढे म्हातारपणी वाळवीनं खाल्लं. मी उजवा. झुलालनं तापल्या सळईनं माझ्या टाचेवर ७ काढला. शाळेत मी गेलो नाही. तेवढा एकच आकडा मला येतो, पण तो पक्का येतो.

माझा मालक नूर महंमद. सगळं जळगाव त्याला नूरचाचा म्हणे. त्याच्या दुकानात मी माणसं ओळखायला शिकलो. बाई सहा नंबर सांगते, पाय निघतो सात. पुरुष आठ सांगतो, पाय निघतो सात. नूरचाचा दोघांनाही "बराबर, बराबर" म्हणे आणि फळीवरून मलाच खाली काढी. केळीचा एक व्यापारी मात्र ऐकेना. मुलाच्या लग्नाला त्यानं हट्टानं घट्ट बूट नेले. मंगलाष्टकांना तो इतका रडला, की व्याही म्हणाले, काय हळवा माणूस!

आमच्या दुकानासमोर एक धर्मादाय दवाखाना होता. भिंतीवर देणगीदारांची नावं इतकी, की दवाखान्याच्या नावाला जागा उरली नव्हती. १९८७ साली त्याचा रौप्यमहोत्सव आला. विश्वस्तांच्या ध्यानात आलं, की आपल्या नर्सबाया चपला घालून फिरतात आणि पाहुण्यांच्या फोटोत ते बरं दिसणार नाही. ठरलं, सगळ्यांना पांढरे बंद बूट. बायांचे पाय दिवसभर उभं राहून सुजतात, ही गोष्ट पंचवीस वर्षं कोणाच्या ध्यानात आली नव्हती. फोटोत सूज दिसत नाही ना.

काम आलं व्यवस्थापक लीलाधरभाऊंकडे. भला माणूस. कोणाचं वाईट त्यानं कधी हातानं केलं नाही, केलं ते कागदावर. त्यानं परिपत्रक काढलं, 'सर्व परिचारिकांनी आपापला नंबर त्वरित कळवावा.'

आता, त्या दवाखान्यात नंबर म्हणजे वॉर्डाचा नंबर. चादरी मागवायच्या तर नंबर, चहा मागवायचा तर नंबर. सगळ्या बायांनी इमानेइतबारे आपापल्या वॉर्डाचा नंबर लिहिला, पुढे सही केली. लीलाधरभाऊंनी यादी बाहेरगावच्या कारखान्याला धाडली. कारखानदाराला वाटलं असेल, शाळा आणि पोलीस मिळून खरेदी करताहेत.

खोकी उघडली तेव्हा एक नंबर वॉर्डच्या धिप्पाड बेबाबाईच्या हातात शाळकरी पोरीचे बूट पडले. अकरा नंबरच्या सुनंदाबाई जेमतेम पाच फूट. त्यांचे दोन्ही पाय एकाच बुटात मावत होते. "दुसरा बूट घरी ठेवते," त्या म्हणाल्या, "पाहुणे आले की झोपायला होईल."

चार नंबर म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड. तिथं सुगंधाबाई होत्या. मूळच्या वरणगावच्या, बाळंतपणाच्या कामात अठरा वर्षं. बाई अडली की डॉक्टर आधी विचारत, "सुगंधाबाई आहेत ना?" पाय सात नंबरचा आणि अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढं हाड वाढलेलं. त्यांना आले चारचे बूट. मागची बाजू दुमडून, टाचा बाहेर काढून त्या दोन दिवस फिरल्या. खेड्यावरून आलेल्या एका म्हातारीनं लेकीचं सोडून यांच्याकडेच पाहिलं.

"तुना पाय बठ्ठा सुजी जायेल शे, माय. तूच खाटवर पड."

सगळ्या बाया लीलाधरभाऊंकडे गेल्या.

"भाऊ, बूट चुकलेत."

"बूट कसे चुकतील? नंबर तुमचा, सही तुमची."

"अहो, तो वॉर्डाचा नंबर होता!"

लीलाधरभाऊंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांना अशी एक गोष्ट सुचली, जी पायातला बूट चावत असलेल्या माणसाला कधीच सुचणार नाही.

"बूट परत घेत नाहीत. पण बाया बदलता येतात. ज्या नंबरचा पाय, त्या नंबरचा वॉर्ड. सोमवारपासून."

म्हणजे सुगंधाबाई सात नंबरला, डोळ्यांच्या वॉर्डात. आणि बाळंतिणींकडे कुंदाबाई, कारण तिचा पाय चारचा. कुंदाबाई गुणी मुलगी, पण तिनं जन्मात एकही बाळंतपण केलं नव्हतं.

"मी चारमध्येच राहिले तर?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"पायात चार नंबर हवा. सोमवारी मी स्वतः तळावरचा आकडा तपासणार."

त्या गुरुवारी सुगंधाबाई आमच्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि दोन्ही पाय पुढे केले. नूरचाचाची बायको अकबरी आत मशीनवर कातडं शिवत होती, ती उठून बाहेर आली.

"या अल्ला! पाय आहे का पाव?"

"चाचा, सोमवारच्या आत मला असे पांढरे बूट हवेत. आठ तास उभं राहता आलं पाहिजे. आणि तळावर चार हवा."

नूरचाचानं हात मागे घेतला. "बाई, सारी उमर गेली. झूठा नंबर कधी ठोकला नाही."

"माहीत आहे. पण माझ्याकडे सोनगीरची एक पोर आहे. नववा सरत आलाय, बाळ आडवं आहे. बुधवारपर्यंत ती येणार. कुंदाला घाम फुटेल हो. आणि मला तेव्हा डोळ्यांत थेंब घालत बसायचंय."

बोलली अकबरी.

"तळ कोण बघणार? साहेब. साहेबाला दिसतो फक्त आकडा. मग आकडा साहेबाला द्या, जागा पायाला द्या. दोघं खूश."

त्याच दिवशी नूरचाचानं माझ्या बगलेत, अंगठ्याच्या मुळाशी, कातड्याचा तुकडा ठोकला. जन्मात पहिल्यांदा मला कुरूप आलं. त्यावर मऊ कातडं चढवलं, बोटांना ऐसपैस जागा ठेवली, टाच बुटकी, तळ जाड रबराचा. माझ्या अंगावर इतका सुखाचा बूट कधी शिवला गेला नव्हता. आणि शेवटी, मान वळवून, नूरचाचानं तळावर ४ ठोकला.

सोमवारी लीलाधरभाऊंनी वाकून तळ पाहिला, वहीत बरोबरची खूण केली.

"बघा, बसले की नाही? उगाच आरडाओरडा."

"बसले, भाऊ. फुलासारखे."

बुधवारी सोनगीरची पोर आली. गुरुवारी सुगंधाबाई पेढे घेऊन आमच्या दुकानात.

"मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. चाचा, अकरा तास उभी होते, पाय आहेत हेच विसरले!"

मग काय, एकेक करून साऱ्या नर्सबाया आमच्या दुकानात. पायाचं माप एक, तळावरचा आकडा दुसरा. बदल्या आपोआप थांबल्या. कारखान्यातून आलेले एक नंबरचे बूट बेबाबाईच्या नातीनं शाळेत घातले, अकरा नंबरचे पहारेकरी झिजवू लागला. समारंभात वाचून दाखवलं, 'बूटवाटप पूर्ण, तक्रार शून्य.' लीलाधरभाऊंना शाल मिळाली. आणि त्याच यादीवरून दर साल तेच बूट येत राहिले, कारण यादीत चूक नव्हती. मी हे फळीवरून पाहत होतो आणि खरं सांगतो, मलाही गंमत वाटत होती.

गंमत संपली १९९६ साली. सुगंधाबाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेसाठी जाहिरात निघाली, 'बाळंतिणींच्या वॉर्डासाठी परिचारिका. अनुभवास प्राधान्य. पायाचा नंबर ४ आवश्यक.'

धुळ्याहून कनीज नावाची बाई आली. दहा वर्षं बाळंतपणं केलेली, सुगंधाबाईंनी स्वतः पारखलेली. पाय सहाचा. लीलाधरभाऊंनी अर्ज परत केला. "यादीच्या बाहेर जाता येत नाही. या वॉर्डात नऊ वर्षं चारच चालत आलाय."

सुगंधाबाई तडक आमच्याकडे आल्या. नूरचाचानं आता बूट शिवणं सोडलं होतं. दुकानात तयार बुटांची खोकी होती आणि मी दाराला टेकू लावायच्या कामावर होतो.

"चाचा, माझा फर्मा द्या."

मला उचलून त्यांनी थेट लीलाधरभाऊंच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर ठेवलं. मग बूट काढला आणि उघडं पाऊल माझ्या शेजारी, त्याच खुर्चीवर. कुरूपाला कुरूप लागलं.

"भाऊ, हा माझा पाय. सात. बुटावरचा चार खोटा आहे. मी ठोकवून घेतला."

लीलाधरभाऊ पांढरे पडले. "नऊ वर्षं रजिस्टर खोटं? बाई, तुमची निवृत्ती चार दिवसांवर आलीय. चौकशी लागली तर सगळं अडकेल. उद्या पेन्शनच्या कागदावर सही कोण करेल?"

"तुम्हीच कराल किंवा करणार नाही. तेव्हा मला वॉर्ड जाईल याची भीती होती, म्हणून मी खोटं चालवलं. आता त्याच खोट्यापायी वॉर्डाला चांगली बाई मिळत नाही. मी लेखी देते."

त्यांनी उभ्याउभ्याच लिहून दिलं. बाहेर बेबाबाई, सुनंदाबाई, कुंदाबाई, सगळ्या हातात बूट घेऊन उभ्या होत्या. लीलाधरभाऊंनी रजिस्टर उघडलं. मग लाल पेननं चार खोडून सात लिहिला आणि शेजारी स्वतःची बारीक सही केली. जाहिरातीतली पायाची अटही काढली. चौकशी काही लागली नाही. चौकशी करायची तर शाल परत मागावी लागली असती.

पुढल्या सोमवारी कनीज कामावर रुजू झाली, निळ्या रबरी चपलांत. लीलाधरभाऊंनी तिच्या नावापुढे लिहिलं, 'पाय मोजला, सहा. बूट अद्याप नाही.' त्या वहीतली ती पहिली खरी ओळ.

मला परत न्यायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मी आता लीलाधरभाऊंच्या टेबलावर असतो, वही पंख्यानं उडू नये म्हणून. तुम्हीही कुठं ना कुठं रकाने भरत असाल, भाऊ. वॉर्डाचे, शाळेचे, घरच्या वाणसामानाचे. माझं एवढंच मागणं आहे, 'नाही' असेल तिथं 'नाही' लिहा, आणि मोजलं नसेल तर मोजलं नाही असं लिहा. हिशेब खरा ठेवा. समोरची बाई दिवसभर त्या आकड्यात उभी राहणार असते.