शेगडीवर टाकलेलं पोतं

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याला, गेणूआबांच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांशेजारी मी पडून असते. माझ्या एका बर्नरवर खुडूक कोंबडी बसते. दुसऱ्याचा उपयोग ती कशासाठी करते, ते सांगायला मला लाज वाटते.

तसा लाजेशी माझा संबंध पहिल्यापासूनचाच. तुमच्या घरी सिलिंडरवरची चकचकीत शेगडी असेल. मी तिच्या जातीची नव्हे. मी गोबरगॅसची. आणि नुसत्या गोबरगॅसचीही नव्हे. पण ते पुढं सांगते, आधी मला थोडा धीर गोळा करू द्या.

१९९० साली बारामतीच्या एका वर्कशॉपात मला ओतीव लोखंडातून घडवलं. माझी भोकं मोठी पाडली, कारण शेणाचा गॅस सिलिंडरच्या गॅससारखा जोरात येत नाही, बिचारा हळू येतो. रंग हिरवा दिला. एसटीच्या टपावर, कांद्याच्या पोत्यांत बसून मी अंथुर्ण्याला आले तेव्हा मला वाटलं, आपणही कुणीतरी आहोत.

गेणूआबांच्या वडलांनी जन्मभर मेंढरं राखली. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, असा त्यांचा संसार. आबांनी मेंढरं विकून शेती धरली, चार संकरित गाई घेतल्या. पण शेणाची किंमत ते विसरले नव्हते. परसात विटांचा खड्डा बांधला, त्यावर लोखंडी टाकी पालथी घातली. शेण पाण्यात कालवून आत सोडायचं, गॅस झाला की टाकी वर येते, वापरला की खाली बसते. इथवर सगळं ठीक होतं. मग आबांनी शेजारी नवा संडास बांधला आणि त्याचा पाइपही त्याच खड्ड्यात सोडला.

"अवो, त्याच्यावर सैपाक करायचा?" सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"माझ्या बापानं लेंड्यांवर घर चालीवलं," आबा म्हणाले. "मला शेणाची लाज न्हाय आन आपल्या संडासाचीबी न्हाय. जाळाला काय वास येतुय व्हय?"

सारजाबाई तीन दिवस माझ्याकडं फिरकल्या नाहीत. चौथ्या दिवशी दूध नासायला आलं, सरपण संपलेलं, म्हणून नाक दाबून त्यांनी काडी ओढली. माझा निळा जाळ निघाला. ना वास, ना धूर. त्यांनी नाकावरचा हात काढला. वीस वर्षं चुलीपुढं बसून त्यांचे डोळे कायम लाल असत, पाणी गळत असे. दिवाळीपर्यंत ते डोळे निवळले. त्या आरशात पाहून सुकन्येला म्हणाल्या, "पोरी, माझं डोळं असं पांढरं व्हतं हे मीच इसरले व्हते बघ." सुकन्या म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा शाळेत होती. मित्रांनो, माझी एवढी मोठी स्तुती पुन्हा कुणी केली नाही.

पण गावाला पाइप दिसायचाच. हळूहळू आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाचा चहा आधीच झालेला असू लागला. कुणी पोटात गॅस धरतो म्हणे, कुणी चहाच सोडला म्हणे. उसाची पाचट पेटवून अख्ख्या शिवारावर काजळी उडवणाऱ्याला कुणी नाव ठेवत नव्हतं. आमच्या घरातून धूर निघत नव्हता, त्याचीच चर्चा. सारजाबाई मला राखेनं घासून लख्ख ठेवायच्या, पण बिरोबाचा नैवेद्य मात्र अंगणात तीन दगड मांडून रांधायच्या. पुरणाचा वास माझ्यापर्यंत यायचा आणि मी गप्प बसायची. आपण माणसांच्या पोटाला चालतो, देवाला चालत नाही, हे तेव्हा कळलं.

चार वर्षं अशी गेली. सुकन्या बारावी झाली आणि तिला वालचंदनगरहून स्थळ आलं. मुलगा कंपनीत फिटर, राहायला क्वार्टर. सोयरीक जुळवणारे कुंडलिकतात्या आमच्यापासून दोन घरं पलीकडं राहायचे. त्यांच्या कानावर गोष्ट गेली म्हणजे ती कंपनीच्या भोंग्यावर गेली असंच समजायचं. जाता जाता तात्या म्हणाले, "पाव्हणं लई टापटिपीचं हायत बरं का, गेणूआबा. तेवढं ते तुमचं परसातलं..." आणि पुढचं खाकरून गिळून टाकलं.

बघायला यायच्या दिवशी सारजाबाईंनी माझ्यावर एक गोणपाटाचं पोतं टाकलं, त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलं आणि वर पितळी डबे मांडले. अंगणात चूल पेटली. पण चार वर्षं ज्या घरात जळण साठवलंच नव्हतं, तिथं वाळकं लाकूड कुठून येणार? उसनी आणलेली बाभळ ओली निघाली. धुराचे लोट सरळ पाहुण्यांच्या अंगावर जाऊ लागले. मुलाचे वडील दादासो रुमालानं डोळे पुसत होते, आई जयवंताबाई खोकत होत्या. पोतं जरा बाजूला सरकलं होतं, तेवढ्या फटीतून मला सगळं दिसत होतं. सारजाबाई फुंकणीनं फुंकतायत, डोळ्यांतून धारा लागल्यात. मी हाताच्या अंतरावर होते आणि काही करू शकत नव्हते.

दादासोंची नजर परसात गेली. "गोबरगॅस दिसतुय. संडासबी जोडलाय का काय?"

मी कान टवकारले. मला खात्री होती आबा आता छाती पुढं काढून सांगतील. आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"छ्या छ्या! आन ती टाकी कवाचीच बंद हाय. नुसता सांगाडा. समदं चुलीवरच असतंय आमच्यात."

मित्रांनो, त्या पोत्याखाली मला आधी राग आला नाही. आधी लाजच आली, की आपल्यापायी एवढ्या भल्या माणसाला खोटं बोलावं लागलं. राग मागाहून आला.

तेवढ्यात सुकन्या आत आली. तिनं डबे उतरवले, प्लास्टिक ओढलं, पोतं फेकलं आणि मला पेटवून पाच मिनिटांत चहा केला. बाहेर कुणाला पत्ता नाही. दादासोंनी एक कप घेतला, दुसरा मागून घेतला. "चहा झ्याक झालाय," म्हणाले. सुकन्या दारात उभी राहून बापाकडं बघत होती. आबांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

मुलगी पसंत पडली. पंधरवड्यानं सुपारी फोडायचं ठरलं. पाहुणे वळले तसे आबा परसात गेले आणि त्यांनी नळीचा कॉक बंद केला. आता खोटं निभवायचं तर टाकी खरंच बंद दिसायला हवी, नाहीतर कुंडलिकतात्या होतेच. सारजाबाई पुन्हा चुलीला बसल्या. आठवड्यात त्यांचे डोळे परत लाल झाले.

माणसाचं खोटं शेणाला थोडंच कळतं? शेण कालवणं थांबलं, पण आधीचं आत कुजत होतंच, संडासही चालू होता. टाकी वर वर आली, पार टोकाला लागली, आणि कडेनं बुडबुडे फुटून गॅस हवेत जाऊ लागला. सुकन्या कॉलेजातून आली की आधी तिथं जाऊन उभी राहायची.

"आबा, असा सोडू नका. आमचं सर सांगत्यात, हा गॅस जाळला तर बरा. तसाच वर गेला तर हवा लई तापवतुय, धुरापरीस जास्त. समद्या पृथ्वीलाच ताप चढत चाललाय म्हणत्यात."

"तुझ्या पृथ्वीला म्हणावं, सुपारी फुटस्तवर कळ काढ," आबा म्हणाले. "अंथुर्ण्याच्या एका टाकीनं काय आभाळ तापतंय व्हय?"

"ज्यो त्यो आपल्या टाकीपुरतं असंच म्हणतुय, आबा."

आबा बुडबुड्यांकडं पाठ करून गाईला चारा टाकू लागले.

सुपारीचा दिवस आला. मंडपाऐवजी लिंबाची सावली, खाली सतरंजी, पाटावर नारळ आणि सुपारी. भावकीतली चार माणसं आली होती. कुंडलिकतात्या अडकित्ता काढून तयार. दादासोंना जेवणाआधी बिडी ओढायची तलफ आली. बायकांसमोर नको म्हणून ते उठून परसात गेले आणि खड्ड्याच्या कठड्यावर, त्या टोकाला आलेल्या टाकीशेजारी, आरामात टेकले. बिडी तोंडात धरली. खिशातून काड्यापेटी काढली.

"पाव्हणं!" आबा असे ओरडले की गाई दाव्याला हिसडे देऊ लागल्या. "काडी वडू नका! उठा तिथनं, उठा!"

दादासो तसेच बसून राहिले. "का वो? बंद हाय म्हनला व्हता की टाकी."

आबा धावत गेले, त्यांचा हात धरून लिंबाखाली घेऊन आले. आता सगळ्यांच्या नजरा आबांवर. आबांची मान खाली गेली ती वर येईना. जो माणूस बापाच्या लेंड्यांचा अभिमान सांगायचा, तो भर भावकीत स्वतःच्या पायांकडं बघत उभा होता. मला ते पाहवलं नाही. शेवटी सारजाबाई पुढं झाल्या. डोळे लालभडक, हाताला काजळी.

"टाकी चालू हाय, पाव्हणं. संडासबी जोडलाय तिला. माणसं नावं ठेवत्यात म्हणून आमी खोटं बोललो. त्या दिशी तुमाला जेवाय वाढलं ते चुलीवरचं व्हतं, बिरोबाची आण. पर आमी फशिवलं ते फशिवलंच. आता सुपारी फोडायची का न्हाय, ते तुमी ठरवा."

"चहा मात्र शेगडीवरचाच व्हता," सुकन्या दारातून म्हणाली. "मी केलता. त्याच्यात आई-आबांचा दोष न्हाय."

दादासोंचा हात नकळत गळ्याशी गेला. दोन कप! कुंडलिकतात्यांनी अडकित्ता हळूच खिशात सारला. पोरीचं लग्न माझ्यापायी मोडलं, असंच मी धरून चालले.

मग जयवंताबाईंना हसू फुटलं. "अवो, माझ्या माहेरची वांगी खाताना मिटक्या मारता. मैल्याच्या सोनखतावरची हायत म्हणून चव येती, असं तुमीच चारचौघांत सांगता. खत चालतंय, मग जाळ का चालंना?"

भावकीत कुणीतरी खुसखुसलं. दादासोंचा चेहरा लाल झाला. त्यांनी बिडी कानावर ठेवली आणि ते म्हणाले, "गेणूआबा, राग शेणाचा न्हाय आला. खोट्याचा आला. आता मला चहा पाजा. ह्या खेपंला सांगून पाजा."

आबांनी स्वतः जाऊन कॉक उघडला. सारजाबाईंनी सगळ्यांसमोर चहा ठेवला. दादासोंनी कप हातात घेतला, आत पाहिलं, डोळे मिटले आणि प्यायले. सुपारी फुटली. लग्नाच्या आधी बिरोबाचा नैवेद्य झाला, तो माझ्यावर. पहिली पोळी भाजताना सारजाबाई देवाला काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांनी डोळे पुसले ते धुरामुळं नव्हे.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मी गोठ्यात कशी आले ते सांगायचं राहिलं. आबांचे गुडघे धरले, गाई चाराच्या दोन झाल्या, दोनाची एक. टाकीला वर्षाला रंग लागतो, तो कुणी दिला नाही. ती गंजून तिला भोक पडलं. मग सिलिंडर आला. मला कुणी हाकललं नाही. नुसतं उचलून ठेवलं.

यंदा, म्हणजे नव्व्याण्णवच्या जानेवारीत, सुकन्या हुरडा खायला माहेरी आली. बरोबर तिची तीन वर्षांची लेक सृष्टी आणि क्वार्टरमधली शेजारीण राजेश्वरी. सृष्टी कोंबडीमागं धावत गोठ्यात आली आणि मला बघून ओरडली, "आई, हे काय आहे?"

सुकन्येनं मला पाहिलं. मग राजेश्वरीकडं पाहिलं.

"काही नाही गं. भंगार आहे जुनं," ती म्हणाली.

सारजाबाई दारात होत्या. त्या लेकीकडं बघत राहिल्या. राजेश्वरी रानाकडं निघून गेली. सुकन्या तिथंच थांबली. तिनं कोंबडी उठवली, पदरानं माझा बर्नर पुसला आणि खाली बसली.

"आई, मी आबांसारखीच निघाले की गं."

"तुझ्या आबानं शेवटाला मान खाली तरी घातली व्हती," सारजाबाई म्हणाल्या. "ज्याला लाज वाटती त्यो सुधारतुय, पोरी. जा, हाक मार त्या बाईला."

तिनं हाक मारली. सृष्टीला मांडीवर घेऊन, राजेश्वरीसमोर, माझी सगळी हकीकत सांगितली. संडासाच्या पाइपासकट. राजेश्वरीनं नाक मुरडलं, आणि सुकन्या तरी बोलतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं टाकी बघायला वेल्डिंगवाल्याला घेऊन येण्यासाठी आबांना बारामतीला धाडलं. भोक बुजेल का, मला ठाऊक नाही. एका गाईच्या शेणावर माझा जाळ लागेल का, तेही ठाऊक नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला लपवू नका. टाकीला रंग द्या, नळीत साचलेलं पाणी काढा, भोकं तारेनं साफ करा. आणि पाहुण्यांनी विचारलं तर खरं सांगा. मला पोत्याखाली घातलंत तर मी निमूट बसेन; पण मी जो जाळायचा, तो गॅस तसाच वर जाईल, आणि तुमच्या लाजेचा ताप आभाळाला चढेल.