तीन किलोंचा आवाज

मालकांनी नवा अँप्लिफायर एका हाताने उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि घरात कुणी गेल्यासारखा चेहरा केला.

"हा उचलला जातोय," ते म्हणाले.

तक्रार खरी होती. आत बिस्किटाएवढा डिजिटल बोर्ड. वीस वॅटचा, तापत नाही, चिमणी पाणी पिते तेवढी वीज पितो आणि दिवाणखान्याला पुरून उरतो. खोका मात्र मोठा ठेवला होता, कारण बिस्किटासाठी कुणी खिशात हात घालत नाही. गिऱ्हाईक घरी नेऊन उचलून बघायचं आणि परत आणायचं. "आत काही घालायला विसरलात का?"

"तीन किलो वजन घाला," मालक म्हणाले. "वीट सोडून काहीही. वीट हलली की वाजते."

आणि मी, या खोक्याच्या डिझायनरने, तोंड उघडलं. माझे सासरे ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याची तार, चौतीस वर्षं. जुन्या अँप्लिफायरचं निम्मं वजन तेच. बिस्किट आलं आणि त्यांच्याकडे दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. त्या दोन वर्षांत त्यांनी घरातला प्रत्येक स्क्रू घट्ट केला. दारं उघडेनात, तेव्हा सासूबाईंनी मला फोन केला होता.

"मामा, चाळीस नग हवेत," मी सासऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं.

"डिजिटलला? त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो?"

"लागतो की."

"बघ!" ते सासूबाईंना म्हणाले. "आले की नाही शेवटी दाराशी? किती व्होल्टचा, जावईबापू?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "चोवीस."

पंधरा दिवस त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. वेढे मोजताना आकडा चुकला, की पुन्हा पहिल्यापासून. मला तीनदा विचारून झालं, "घूं असा आवाज येत नाही ना?"

"अजिबात नाही, मामा." आयुष्यात इतकं खरं मी कधीच बोललो नव्हतो.

शेवटचे अकरा नग द्यायला ते न कळवता कारखान्यात आले. जोडणीवाल्या बाई त्यांच्याच ट्रान्सफॉर्मरच्या तारा कचाकच कापत होत्या आणि तो खोक्याच्या तळाला बसवत होत्या.

"ताई, हे काय?"

"नुसतं वजन आहे हो, काका. तारा बोर्डाला लागल्या तर शॉर्ट व्हायचा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं.

तेवढ्यात मालक आले. "हेच का सासरे? काका, काम फार सुबक! पुढच्या खेपेला तार नको, नुसतं लोखंड द्या."

"हा वाजवून दाखवा," मामा मला म्हणाले.

मी वाजवला. स्पीकरला कान लावून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. ते शिवी देतील, अशी मला फार आशा होती.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आमच्यापेक्षा स्वच्छ."

मग खुर्ची ओढून बसले. "ताई, कटर द्या. ओढून नाही कापायचं."

अकराही नगांच्या तारा त्यांनी एका मापात कापल्या, प्रत्येक टोकाला टेप गुंडाळली. उठताना बाहीला तांब्याचे बारीक तुकडे चिकटलेले दिसले. ते त्यांनी एकेक वेचले आणि टेबलावर ठेवले.

"कंपनीचा माल," ते म्हणाले.