हवाबंद

माझ्या नवऱ्याला गिऱ्हाइकं ‘हवाबंद’ म्हणतात. तो खिडक्या बसवतो, आणि त्याने बसवलेल्या खिडकीतून वारा काय, शेजाऱ्यांचं भांडणसुद्धा आत येत नाही. यंदा आम्ही भर रस्त्यावरच्या घरात राहायला आलो तेव्हा त्याने सगळी कला घरावरच ओतली. दुहेरी काचा, चारी बाजूंनी रबर, गॅलरीच्या दारालाही पट्टी. घर इतकं शांत झालं की सासूबाईंचे गुडघे वाजलेले ऐकू यायला लागले.

आणि माझं प्रवाळ आक्रसायला लागलं.

बैठकीत माझी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यातलं हिरवं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ मी नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलंय. पाण्याचा पीएच आठच्या थोडा वर असला की ते छान वाढतं. इथे मात्र रोज सकाळी मीटर सात पॉइंट सात दाखवायचा. दुकानदाराने पीएच चढवायची पावडर दिली. टाकली की आकडा चढायचा, सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तो म्हणाला, आणखी टाका. टाकली. शेवटी पाण्यात क्षार इतका वाढला की फांद्यांची टोकं पांढरी पडली.

“बस झालं,” नवरा म्हणाला. तो पहिल्यापासून टाकीला पाण्यातच पाहत होता. “दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यासाठी टाकी हवीच आहे. रविवारी बघायला येतायत. इथे मरण्यापेक्षा तिथे जगू दे.”

ते मला फार झोंबलं. मारत होते ती मीच ना!

“रविवारपर्यंत थांब,” मी म्हणाले. “पीएच आठवर आला नाही, तर टाकी उचलायला मीच हात लावीन.”

मग मी हट्टालाच पेटले. पावडर बंद केली. रोज थोडं थोडं पाणी बदलून क्षार खाली आणला. मीटर तपासला, पंप उघडून धुतला. फांद्या जरा सावरल्या, पण आकडा ढिम्म हलेना.

शनिवारी सासूबाई शाल गुंडाळून उठल्या. “मी गॅलरीत बसते गं. आत डोकं नुसतं जड होतं.”

हे त्या रोजच म्हणायच्या, आणि आम्ही रोजच कानाआड करायचो. त्या दिवशी माझ्या हातात मीटर होता आणि मी जागच्या जागी थबकले. बंद घरात आम्ही तिघं श्वास सोडतो, गॅस जळतो. ती हवा जाते कुठे? टाकीला स्किमर आहे, म्हणजे पाण्यात हवा घुसळून फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र. तो हवा घेतो बैठकीतली. आमच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळत होता आणि पीएच पाडत होता!

दोन ग्लासांत टाकीचं पाणी घेतलं, दोन्हीत हवेचे छोटे पंप सोडले. एक ग्लास बैठकीत ठेवला, दुसरा गॅलरीत, सासूबाईंच्या राखणीत. तासाभराने बैठकीतलं पाणी होतं तिथेच होतं. गॅलरीतलं आठ पॉइंट दोन.

“मीटर बिघडलाय तुझा,” नवरा म्हणाला.

मी बैठकीतला ग्लासही गॅलरीत नेला. तोही चढला.

“स्किमरची हवेची नळी बाहेर काढायची,” मी म्हणाले. “तुझ्या चौकटीला भोक पडणार.”

“माझ्या चौकटीला? डोकं फिरलंय का तुझं?”

मी त्याच्याच पिशवीतून ड्रिल काढलं आणि चौकटीवर टेकवलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“थांब, थांब! वाकडं पाडशील!” त्याने ड्रिल हिसकावून घेतलं. भोक अगदी नळीच्या मापाचं पाडलं, आणि सवयीने भोवती सिलिकॉनही भरलं. ती फटसुद्धा हवाबंद!

रविवारी डॉक्टर आले तेव्हा मीटर आठ पॉइंट एक दाखवत होता, आणि फांद्यांवरची बोंडं टरारून फुगली होती.

“माफ करा डॉक्टर, टाकी द्यायची नाही,” मी म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की चहा विचारायचंही राहिलं. नवरा त्यांना चौकटीचं भोक दाखवत होता, जणू कल्पना त्याचीच.

सासूबाई बराच वेळ ऐकत होत्या. मग मुलाला म्हणाल्या, “टाकीला बाहेरची हवा दिलीस, चांगलं केलंस हो. आता माझ्यासाठी भोक कुठे पाडतोस?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रवाळासाठी मी जिवाचं रान केलं होतं, आणि ही बाई रोज तेच तोंडाने सांगत होती. तिच्याकडे आकडा नव्हता, एवढंच.

नवरा उठला आणि त्याने मोठी खिडकी सताड उघडली. आख्खा रस्ता घरात शिरला. डॉक्टर काहीतरी म्हणाले, पण त्या गोंगाटात ते कुणालाच ऐकू आलं नाही. सासूबाईंनी खुर्ची खिडकीकडे ओढली आणि अंगावरची शाल नीट केली.