मथुरानं आणलेलं बारवेचं पाणी

मित्रांनो, मी मुरुमकडच्या एका कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी नळी, दोन-तीन भिंगं आणि खाली आरसा, एवढाच माझा देह. पूर्वी पोरं माझ्यापुढे रांग लावायची. प्राणिशास्त्राचे लिंबाजी गायकवाड सर एकेकाचा हात धरून स्क्रू फिरवायला शिकवायचे.

शहाऐंशीच्या दुष्काळात सरांना पत्र आलं. वर्षभरात शोधनिबंध छापला नाही, तर नोकरी कायम होणार नव्हती. घरात पगाराची नोकरी लागलेले ते पहिलेच. सर घाबरले. त्यांनी मला कपाटात कोंडलं, फक्त स्वतःच्या कामापुरतं बाहेर काढत. नाकतोड्याच्या आतड्यांवर ते एकटेच काम करत. वर्गात जुन्या वहीतलं भराभर सांगत, कुणी काही विचारलं की घड्याळाकडे बघत. एरवी अंधाऱ्या कपाटात माझ्या भिंगांना बुरशी धरू लागली. आपण आंधळे होणार, या धास्तीनं मी गारठलो होतो.

एके दुपारी मथुरा नावाची विद्यार्थिनी बाटलीत पाणी घेऊन आली. तिच्या आईच्या, सरुबाईच्या, पायातून नारू निघाला होता. कातडी फोडून आलेला, दोऱ्यासारखा लांब जंत. विहिरी आटल्यामुळं सगळं गाव एकाच पायऱ्यांच्या बारवेत उतरून पाणी भरत होतं.

"सर, हे पाणी एकदा बघता का?"

"निबंध या महिन्यात गेला न्हाय, तर माझं काय खरं न्हाय, मथुरा."

"मग मला बघायला शिकवा. वर्ष होत आलं, म्या याला हात लावला न्हाय."

सरांनी नाकतोड्याची काच काढली आणि तिच्या पाण्याचा थेंब ठेवला. थेंबात एक बारीक एकडोळ्या जीव उड्या मारत होता. त्याच्या पोटात नारूची अळी वेटोळं घालून हलत होती. मथुराचा चेहरा उतरला. धाकटी बहीण हेच पाणी पिऊन शाळेला गेली, एवढंच ती पुटपुटली.

सर मला आणि सगळ्या वर्गाला घेऊन गावोगाव हिंडले. पोरांनी एकवीस विहिरी तपासल्या, घरोघरी दुहेरी फडक्यानं पाणी गाळायला लावलं. नाकतोडे मागं पडले. सरांनी विहिरींवर निबंध लिहिला, त्यावर मथुराचंही नाव घातलं. तो उशिरा पोचला, पण छापला गेला. नोकरी आणखी एका वर्षापुरती टिकली.

नारू अंगात वर्षभर लपून बसतो. मथुरा रोज बहिणीचे पाय बघायची. पुढच्या उन्हाळ्यात धाकटीच्या घोट्यावर फोड उठला. सर मथुराच्या दारात आले आणि पोरीला बारवेत पाय घालू देऊ नका, एवढं सांगून गेले.

मित्रांनो, मला पुसत जा, ऊन दाखवत जा. आणि ज्याला प्रश्न पडला आहे, त्याला आधी बघू द्या.